आजाराचं नाव काय लिहू?

मी आजारी आहे हे सगळ्यांत आधी आमच्या किराणावाल्याच्या लक्षात आलं.

‘ताई, यंदा लोणचं लवकर टाकून राहिल्या काय?’ बंडूनं मिठाचा पुडा माझ्या पिशवीत सरकवत विचारलं.

जानेवारी महिना होता. जानेवारीत अकोल्यात कोणी लोणचं घालत नाही. घरात माणसं तीन : मी, माझा नवरा धम्मदीप आणि सासूबाई. एरवी मिठाचा एक पुडा महिनाभर पुरायचा, तो आता पंधरवड्यात संपत होता. आणि त्यातला निम्मा मी एकटी, ओट्याशी उभी राहून, चमच्यानं खात होते. चोरून. कोणी आलं की चमचा पदराखाली.

‘पापड करायचेत,’ मी म्हणाले.

जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागातली वरिष्ठ सहायक बाई मीठ चोरून खाते, ही बातमी आमच्या खडकी भागात पसरायला तेवढं एक दुकान पुरेसं होतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला आजार आवडला. वजन उतरायला लागलं. ब्लाउज सैल झाले. ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत मला घेरून बसायच्या, ‘मॅडम, काय करता सांगा ना.’ मी काहीच करत नव्हते, पण तसं कबूल करायला जीभ वळेना. दोन आठवडे मी त्यांना रात्रीचा भात सोडण्यावर व्याख्यानं दिली. तिसऱ्या आठवड्यात कपाटातून एक सेवापुस्तक काढायला उठले आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन कपाटालाच मिठी मारून उभी राहिले. बायकांना वाटलं हा व्यायामाचा प्रकार आहे.

मग रंग. मी मुळात सावळी, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण आता हाताची बोटं, कोपरं, गुडघे असे काळे पडायला लागले की जणू कोणी शाई सांडलीय. सासूबाई, म्हणजे सुंदराबाई, तेल्हाऱ्याच्या. वय चौऱ्याहत्तर, नजर शाबूत. त्यांनी एक दिवस माझा हात धरून उजेडाकडे वळवला.

‘तू काळी पडून राहिली वं ज्योत्स्ना.’

‘ऊन लागलं असेल, आई.’

‘जानेवारीत? अन् ऑफिसात पंख्याखाली?’

मुलगी समता नागपूरला शिकते. तिला काही कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉल केला आणि बोलता बोलता म्हणाली, ‘आई, लाइट लाव ना. तुझा चेहरा काळा दिसतोय.’

लाइट लागलेला होता. वर खिडकीतून ऊनही येत होतं. मी ‘हो, लावते’ म्हणाले आणि फोन बंद करून दोन्ही हात उन्हात धरून पाहिले.  तोवर मला अंग दुखतंय, मळमळतंय, दम नाही, एवढंच वाटत होतं. त्या दिवशी प्रथमच वाटलं, की आतमध्ये काहीतरी हळूहळू विझत चाललंय.

धम्मदीप वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते तेवीस वर्षांनंतरही खटकतं. धम्मदीपचा स्वभाव असा, की जगात कारण नसलेला बिघाड त्याला मान्यच नाही. त्यानं शंभर पानी वही आणली, वर ‘बिघाड नोंदवही’ असं लिहिलं आणि माझ्या नोंदी ठेवायला लागला. मी एकदा ती उघडून पाहिली. ‘सकाळी ११.४०. स्वयंपाकघर. खाली बसून उठताना अंधारी. कालावधी चाळीस सेकंद. पुरवठा आपोआप सुरळीत.’

‘मी काय खांबावरचं रोहित्र आहे का रे?’ मी विचारलं.

‘फॉल्ट सापडेल तवा माफी मागीन,’ तो म्हणाला. पण हसला नाही. तेव्हा मला जास्तच भीती वाटली, कारण हा माणूस विजेच्या खांबावर चढूनसुद्धा विनोद करतो.

मग डॉक्टर सुरू झाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटावर दोन टिचक्या मारून ‘गॅस’ म्हणून सांगितलं. वऱ्हाडात गॅस हे सगळ्या आजारांचं माहेर आहे; डोकं, पाठ, छाती, गुडघा, कुठंही दुखलं तरी ते शेवटी तिथंच जातं. चक्कर येते म्हणून आम्ही जठारपेठेतल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं डोकं दोन्ही बाजूंना असं फिरवलं, की जी चक्कर नव्हती तीही आली. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, ‘उन्हात जाऊ नका.’ अकोल्यातल्या माणसाला उन्हात जाऊ नका म्हणणं म्हणजे गाव सोडा म्हणण्यासारखंच. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. बायकांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सेहेचाळीस ना? मग हे असंच असतं.’ त्यांचं स्वतःचं तसं काही दिसत नव्हतं.

प्रत्येकानं माझा एकेक तुकडा वाटून घेतला होता. एकालाही मी सबंध दिसले नाही. आणि प्रत्येकजण शेवटी पेन मिटता मिटता तोच प्रश्न विचारायचा : ‘घरी काही टेन्शन?’ मी नाही म्हणायचे. मग डॉक्टर धम्मदीपकडे पाहायचे. धम्मदीप उगाचच चोरासारखा चेहरा करायचा. पाचव्या वेळेला परत येताना त्यानं नेहरू पार्क चौकात गाडी बाजूला घेतली.

‘खरं सांग. माह्यं टेन्शन हाय काय तुले?’

‘नाही रे.’

‘मायचं?’

‘नाही.’

‘मंग कोनाचं हाय?’ त्याचा आवाज असा चिरका झाला की मला रडूच आलं. चौकातला वाहतूक हवालदार आमच्याकडे यायला निघाला आणि नवरा-बायकोचं प्रकरण दिसल्यावर परत फिरला.

एवढ्यात ऑफिस आडवं आलं. मला महिनाभराची वैद्यकीय रजा हवी होती. आमचे अधीक्षक चंद्रभान साहेब सज्जन माणूस, पण कागदाबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांनी माझा अर्ज पाहिला आणि चष्मा काढला.

‘मॅडम, रकाना सात कोरा आहे. आजाराचे नाव.’

‘अजून निदान झालं नाही साहेब. काय लिहू? सगळंच दुखते असं लिहू?’

‘मले काही अडचण नाही. पन हे पाहा.’ त्यांनी फाइलमधून एक परिपत्रक काढलं. दहा दिवसांवरील वैद्यकीय रजेच्या अर्जात आजाराचे निश्चित नाव नमूद नसल्यास अर्ज स्वीकारू नये, असा त्याचा मजकूर होता. भाषा अतिशय चोख होती. असणारच. मसुदा माझा होता. खाली माझी लफ्फेदार आद्याक्षरी होती. तेल्हाऱ्याकडच्या एका शिक्षकानं ‘अशक्तपणा’ एवढंच लिहून अर्ज पाठवला होता, तेव्हा मी चिडून ते काढलं होतं आणि त्याचा अर्ज परत पाठवला होता. दोनदा.

त्या माणसाला नक्की काय झालं होतं कोण जाणे. मी कपाटाला धरून उभी होते आणि तो मला दिसायला लागला : तेल्हाऱ्याच्या त्या रस्त्यावरून जीपमध्ये उभा राहून तालुक्याला येणारा, हातात कोरा रकाना घेतलेला. मला त्याची क्षमा मागावीशी वाटली. पण त्याचं नाव आठवेना. अर्जित रजा टाकून घरी आले.

घरी बसलं की फोन हातात येतो. मी फोनला माझी लक्षणं सांगितली. त्यानं मला दुपारी एकपासून साडेतीनपर्यंत तीन वेगवेगळ्या आजारांनी मारलं. त्यातला एक तर इतका झटपट होता, की मी उठून वाळत घातलेले कपडे आत घेतले. हसू नका. मी खरोखरच तयारीला लागले होते. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या : तूरडाळ, चणाडाळ, जवस. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवल्या. धम्मदीपला कुकर लावायला शिकवला. भात तीन शिट्ट्या, डाळ पाच. समताच्या जन्मदाखल्याची प्रत कुठं आहे ते दाखवलं. चौथ्या दिवशी तो कणीक मळता मळता थांबला. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात.

‘काहून शिकवून राहिली तू मले हे सगळं?’

‘कधी कामात पडेल.’

 कणकेत पाणी जास्त झालं होतं, तरी तो मळतच राहिला. त्या दिवशीच्या पोळ्या कोणाच्यानं तुटल्या नाहीत.

आता भगवंतरावांविषयी सांगायला हवं. हे आमचे शेजारी, निवृत्त कृषी सहायक. चाळीस वर्षं कपाशीवरचे रोग पाहिल्यामुळं त्यांना माणूसही झुडपासारखाच दिसतो. मी फाटकाशी उभी असताना त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

‘तुमच्या मुळाले खाद्य पोचून नाही राहिलं. पान करपलं म्हनजे आमी आधी जमीन पाहतो. तुमची जमीन आंबट झाली.’

‘मग काय करायचं?’

‘शुद्धी. आपले नत्थुजी हायेत ना पातूरजवळ. मळ्यात शिबीर घेतात निसर्गोपचाराचं. सात दिवसांत झाड हिरवंगार!’

धम्मदीपला हे पटलं नव्हतं. पण त्याला जे पटले होते ते सगळे डॉक्टर हरले होते. आणि भीतीनं पोखरलेल्या माणसाला कोणी सात दिवसांचा वायदा दिला, की तो आठव्या दिवसाचा विचार करत नाही. मी मार्चअखेरीस शिबिराला गेले. भगवंतरावही आले, स्वतःचा बागायतीचा अनुभव घेऊन.

नत्थुजी म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. पांढरा बनियन, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी शिट्टी वाजवून जाहीर केलं, ‘इथं मीठ बंद! मीठ म्हनजे पांढरं विष!’ बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी उकडलेला दुधी. दुसऱ्या दिवशी उकडलेलं पडवळ. मधल्या वेळात लिंबूपाणी, अर्थात बिनमिठाचं. सकाळी अंगाला ओल्या मातीचा लेप. लेप धुतल्यावर माझ्या रंगात काही फरक पडला नाही, असं भगवंतरावांनी प्रांजळपणे सांगितलं. तिसऱ्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या. नत्थुजी खूश झाले. ‘विकार बाहेर पडून राहिले! टाळ्या!’ वीस माणसं सतरंजीवर बसून माझ्या उलटीला टाळ्या वाजवत होती. मला त्यांचे चेहरे लांब, पाण्याखालचे वाटायला लागले. मी घरी जाते असं म्हणायला तोंड उघडलं, तर शब्द सापडेना. शब्द माहीत होता, तो तोंडापर्यंत येत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. मी खाटेवर पडले होते. मन म्हणत होतं की आता आपण मरणार, आणि अंग दुसरंच काहीतरी म्हणत होतं. ते मला उठवत होतं. मी भिंत धरधरून बाहेर आले. स्वयंपाकघराला कुलूप. मागं गोठा होता. गोठ्यात एक लाल गाय, आणि तिच्या तोंडासमोर दोरीनं टांगलेली मिठाची तांबडी वीट. जनावरांना चाटायला ठेवतात ती.

पुढं काय झालं ते मी स्वतःच्या तोंडानं बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी वीट धरली आणि चाटली. दातांनी कोपरा फोडला. त्यात माती होती, गाईची लाळ होती, गंज होता. इतकं चांगलं मी जन्मात काही खाल्लं नव्हतं. गाय एक पाऊल मागं सरकली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं, त्या सबंध मळ्यात मला काय झालंय ते तिलाच कळलं असावं.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. नत्थुजी, भगवंतराव आणि अख्खं शिबीर गोठ्याच्या दाराशी उभं होतं. जेवणानंतर हास्ययोग असतो, त्यासाठी ते तिकडं आले होते. पण कोणी हसलं नाही.

‘ज्योत्स्नाताई,’ भगवंतराव हळूच म्हणाले, ‘उठा बाप्पा. ते जनावराचं हाय.’

सेवापुस्तकात चौदा वेळा ‘उत्कृष्ट’ शेरा मिळवलेली बाई शेणात बसली होती आणि तिच्या हनुवटीवरून लाल ओघळ वाहत होते. उठता येईना. हे उठता न येणं आणि ती सगळी माणसं, यांत मला जास्त भयंकर काय वाटलं ते अजून ठरवता येत नाही.

धम्मदीप तासाभरात मित्राची गाडी घेऊन आला. त्यानं मला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि मग नत्थुजींसमोर जाऊन उभा राहिला.

‘बाई दोन दिवसांपासून उलट्या करते, अन् तुमी टाळ्या वाजवून राहिले?’ एवढंच म्हणाला. नत्थुजींनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली.

अकोल्यात एका दवाखान्यात सलाइन लावलं. चार तासांत मी उठून बसले, चहा मागितला. ‘अशक्तपणा होता,’ असं सांगून त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. तोवर गाईची गोष्ट माझ्याआधी खडकीत पोचली होती. बंडूनं न मागता मिठाचा पुडा घरी पाठवला. समोरच्या सीमाताई धम्मदीपला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘भाऊजी, राग नोका येऊ देऊ. पन डोक्याचा डॉक्टर पाहा.’ आणि हे मी दाराआडून ऐकलं.

मरणाची भीती मला आता सवयीची झाली होती. ही नवीन होती. कदाचित आजार नाहीच. कदाचित मीच आहे. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून समताची जन्मतारीख, पूर्ण पत्ता आणि रजेचे नियम पाठ म्हणून पाहायला लागले. नियम सगळे बरोबर यायचे. त्यानं धीर येण्याऐवजी शंका वाढायची.

धम्मदीपनं मात्र डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं नाही. त्याच्या एका सहकाऱ्याच्या आईचा दोन वर्षं न सापडलेला आजार अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी शोधला होता. आम्ही सासूबाईंना घेऊन एसटीनं निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी पाय मोकळे करायला उठले आणि थेट पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर बसले. तो बिचारा लग्नपत्रिका वाटायला निघाला होता. त्यानं न बोलता मला एक पत्रिका दिली. बडनेऱ्यापर्यंत मी ती वाचत राहिले. लग्न मे महिन्यात होतं. मे महिना मला फार लांब वाटला.

डॉ. आरती भुयार पस्तिशीच्याही नसतील. केस घाईत बांधलेले, टेबलावर अर्धी खाल्लेली पोळी. आधीच्या डॉक्टरांची फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि धम्मदीपची वही उघडली. पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. ‘पुरवठा आपोआप सुरळीत’ला त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. वीस मिनिटं त्या वाचत होत्या. एवढा वेळ कोणी माझ्यावर खर्च केला नव्हता, त्यामुळं मला संकोचच वाटायला लागला.

‘हात दाखवा,’ त्या म्हणाल्या.

मी उजवा हात पुढं केला.  इतकं शिकलेली बाई, आणि हीसुद्धा भविष्य पाहणार? त्या तळहातावरच्या रेषा बोटांनी ताणून पाहत होत्या. रेषा काळ्याभोर झाल्या होत्या. मग हिरड्या पाहिल्या. तिथंही काळे डाग. ‘तुमचा रंग आधी असाच होता का? जुना फोटो आहे?’

पर्समध्ये आधार कार्ड होतं. आधार कार्डावर माणूस नेहमीच स्वतःपेक्षा दोन छटा काळा दिसतो. त्यांनी कार्ड माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं. त्या फोटोतली बाई माझ्यासमोर गोरी होती.

त्यांनी मला झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून. झोपून शंभर, उभी राहिल्यावर सत्तर. मला बसवलं आणि विचारलं, ‘खारट खावंसं वाटतं का?’

 धम्मदीप पंख्याकडे पाहायला लागला. वहीत ती नोंद नव्हती. गोठ्याची नोंद त्यानं केलीच नव्हती. माझी लाज राखायला त्या तारखेचं पान कोरं सोडलं होतं.

मी सांगितलं. चमच्याचं सांगितलं, आणि मग गाईचंही. दोरी, वीट, दात, शिट्टी, सगळं. सांगता सांगता मान खाली गेली. डॉक्टर आता हळूच चिठ्ठीवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव लिहून देतील, याची मला खात्री होती.

डॉ. आरतींनी पेन खाली ठेवलं.

‘ताई, त्या विटेनं तुमचा जीव वाचवला असेल.’

सासूबाई खुर्चीतून उठल्या. ‘म्हनजे येड नाही लागलं हिले?’

‘नाही आजी. यांच्या शरीरात मीठ टिकत नाहीये. ते कुठून तरी मिळव म्हणून शरीर ओरडत होतं. तेवढं एकटं शहाणं होतं.’

मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात. सेहेचाळीस वर्षांत मला त्यांचा पत्ता नव्हता. त्या सुकत चालल्या होत्या. डॉक्टरांनी मला त्याच पावली दाखल करून घेतलं, तपासणीसाठी रक्त काढलं आणि अहवालाची वाट न पाहता सलाइन आणि सुई सुरू केली. संध्याकाळी मला भूक लागली. नुसती भूक नव्हे; मला ठेचा-भाकर आठवली, आणि ती आठवण होताच मळमळलं नाही. सासूबाई माझ्या पायाशी बसून भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

दोन दिवसांनी अहवाल आले. मी डॉक्टरांना नाव कागदावर लिहून मागितलं. त्यांनी मराठीत लिहिलं : अॅडिसनचा आजार. मी ते तीनदा वाचलं. माणसाला आयुष्यभर पुरेल असा आजार झालाय हे कळल्यावर कोणाला सुटल्यासारखं वाटेल? मला वाटलं. मी तो कागद उशीखाली ठेवला.

चंद्रभान साहेबांनी नाव रकान्यात घातलं खरं, पण आजारांच्या यादीत ते सापडेना, म्हणून मार्गदर्शन मागवलं. ते अजून आलेलं नाही.

भीती मात्र संपली नाही, तिला फक्त वेळापत्रक मिळालं. गोळ्या रोज, मरेपर्यंत. ताप आला तर दुप्पट. आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही, तर मांडीत सुई, ताबडतोब, घरीच, आणि मग दवाखाना. उशीर झाला तर काय, हे डॉ. आरतींनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. सुई द्यायला धम्मदीपनं शिकायचं ठरलं. तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनवर काम केलेला माणूस, दोन इंची सुई पाहून पांढरा पडला. तो महिनाभर वांग्यांवर सराव करत होता. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, ‘आज कोनत्या वांग्याले ताप हाय?’ आणि भोकं पडलेल्या वांग्यांची भाजी करायच्या.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी ती वेळ आली. बाहेरचं काहीतरी खाल्लं असावं. आठ वाजता पहिली उलटी, गोळी बाहेर. साडेआठला दुसरी. मग हातपाय गार, आणि ते लांबचे, पाण्याखालचे चेहरे पुन्हा दिसायला लागले. मी न्हाणीघराच्या दाराशी बसले होते. ‘धम्मदीप,’ मी म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना.

तो धावत आला. त्यानं औषधाची बाटली फोडली. ‘होते,’ तो स्वतःशीच म्हणत होता, ‘होते, होते, होते.’ सासूबाईंनी माझी साडी वर सारून मांडी मोकळी केली आणि ओरडल्या, ‘टोच ना लेका! वांगं समज!’ सुई घुसली. दुखलं. दुखतंय एवढं कळलं, ह्याचाच मला आनंद झाला.

रिक्षातून दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढचं धुकं विरायला लागलं होतं. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. सासूबाई पदरानं वारा घालत होत्या, पण मला नाही. धम्मदीप भिंतीला टेकून खाली बसला होता, चेहरा चुन्यासारखा, शर्ट घामानं चिंब, हातात अजून रिकामी सुई.

‘पेशंट कोण?’ डॉक्टर धम्मदीपच्या नाडीला हात लावत म्हणाले. ‘काय होतंय यांना?’

‘पेशंट मी,’ मी म्हणाले. आवाज बारीक होता, पण माझाच होता. ‘अॅडिसनचा आजार. सकाळपासून दोन उलट्या, गोळी टिकली नाही. हायड्रोकॉर्टिसोन शंभर मिलिग्रॅम दिलंय, वीस मिनिटांपूर्वी, उजव्या मांडीत. आता सलाइन लावा.’

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परिचारिकेला हाक मारली.

‘डाव्या,’ खालून धम्मदीपनं दुरुस्ती केली.